हात टेकलेत, तरच सापडेन

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझी कवळी भर लग्नात ताटात पडो. हसू नका. ऐका.

त्या रविवारी सकाळी सातला आई, बाबा आणि दोन पोरं अशी चार जणांची मोहीम निघाली, ती एका डब्याच्या शोधात. डबा केवढा? साबणाची वडी मावेल एवढा. आणि लपलेला कुठे? एक जंगल, एक ओढा आणि एका उभ्या टेकडीपलीकडे! जिओकॅशिंग म्हणतात या खेळाला. कुणीतरी डबा लपवायचा, त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी फोनमधल्या बाणामागे धावत तो हुडकायचा. सापडला की आतल्या वहीत तारीख-वेळ लिहायची, सह्या करायच्या आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा.

“परत ठेवायचा?” लेकीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. “मग शोधायचा कशाला?”

“आधी बूट घाल,” आई म्हणाली.

आई शहरातली बस चालवायची. सहा दिवस पहाटे पाचला स्टेअरिंगवर. ती निघायची तेव्हा पोरं झोपलेली, परतायची तेव्हा पोरं आपापल्या बंद दाराआड. चौघं एकमेकांना धड दिसायची ती रविवारीच, म्हणून तर हे डब्याचं खूळ. पण गेले तीन रविवार मंडळी हात हलवत परत आली होती. शेवटी सोळा वर्षांच्या लेकीने, म्हणजे घरच्या बाईसाहेबांनी, फर्मान काढलं.

“आज चारच्या आत डबा मिळाला तर येत राहीन. नाहीतर रविवार माझा. कायमचा.”

“माझापण,” टिंगू म्हणाला. टिंगू म्हणजे धाकटा. नाव पाळण्यातलं, उंची आता दाराच्या चौकटीएवढी.

“कबूल,” आई म्हणाली आणि तिने गाडीची किल्ली उचलली.

बाबांनी शड्डू ठोकला. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा माणूस तो, डोळ्यांनी न दिसणारा स्क्रू बोटांनी शोधायचा. “एका डब्याची काय बिशाद!”

डब्यासोबत एकच ओळ दिली होती: ‘हात टेकलेत, तरच सापडेन.’

“चिडवतोय मेला,” आई म्हणाली. “शोधून शोधून रडकुंडीला याल म्हणतोय.”

जंगल लागलं. काय जंगल ते! डास चिमणीएवढे. काटेरी झुडपं तर अशी अंगचटीला येणारी, की शर्ट धरून आधी नाव-गाव विचारायची, मगच पुढे सोडायची. वारा सुटला आणि बाबांची टोपी जी उडाली, ती म्हणे अजून खाली आलेली नाही!

मग ओढा. वर एक शेवाळलेला ओंडका आडवा पडलेला, खाली पाणी फेसाळत धावतंय. बाबा पुढे झाले, हातात फोन, नजर बाणावर.

“अहो, पायाकडे बघा!”

“बाण म्हणतोय सरळ...”

सटकन पाय घसरला! बाबा ओंडक्याला माकडासारखे लटकले आणि फोन गेला पाण्यात. बुडबुड! एक बुडबुडा आला, तोही त्यांचा निरोप घेतल्यासारखा.

“सेनापती, चला, वर या,” असं म्हणत आईने त्यांना कॉलर धरून ओढून घेतलं.

आईचा फोन गाडीतच राहिला होता. मनगटी घड्याळ ती रविवारी मुद्दाम घालत नसे, सहा दिवस तेच टोचतं म्हणून. टिंगूने त्याचा फोन मागच्याच आठवड्यात फोडलेला. राहिला बाईसाहेबांचा, त्यात तीन टक्के बॅटरी!

“सकाळपासून गाणी कोण ऐकत होतं?” टिंगूने टोमणा मारला.

“तू गप रे, विजेचा खांब!”

टेकडीच्या पायथ्याशी एक मेंढा आडवा आला. शिंगं बसच्या चाकाएवढी, आणि आईला बसचं चाक चांगलं माहीत आहे! तो फुरफुरला. तो धावला. हेही धावले! अर्धी टेकडी चौघं नुसत्या भीतीने चढली, एवढी भराभर की मेंढ्यालाच दम लागला. पण वरची वाट भुसभुशीत मुरमाची. आईच्या पायाखालची माती सरकली. ती घसरली! दोन हात, चार हात, खाली कडा! बोटं मातीत रुतवली, माती हातातच आली. तेवढ्यात मनगटावर लेकीची पकड बसली. घट्ट!

“सोडू नकोस हं,” आई म्हणाली.

“वेडी आहेस का? टिंगू, माझे पाय धर!”

टिंगूने तिचे पाय धरले, बाबांनी टिंगूचे. अशी ती माणसांची साखळी हेलकावे खात एकदाची वर आली. बाईसाहेबांनी आईच्या पाठीवरची माती झटकली आणि मग आपण असं केल्याचं लक्षात आल्यावर लगेच हात खिशात घातले.

“चाळीस मीटर,” तिने फोनकडे पाहून सांगितलं. आणि फोन मेला.

समोर घरांएवढ्या दगडांचा पसारा. चौघांनी तो पिंजून काढला. फटी तपासल्या, ढोल्या तपासल्या, बाबांनी झाडाच्या साली ठोठावून पाहिल्या. ऊन उतरायला लागलं. डबा नाही! आई सगळ्यात मोठ्या दगडापाशी मटकन बसली. पुढच्या रविवारची तीन बंद दारं तिला स्पष्ट दिसत होती. तिसरं बाबांचं, कारण त्यांनाही मग दिवसभर मशीनच दिसणार.

“चला घरी. हात टेकले मी.”

लेक गर्रकन वळली. “परत म्हण.”

“काय परत म्हण? हात टेकले बाई, तुमच्यापुढे, डब्यापुढे, सगळ्यांपुढे! दिवसातनं वीसदा म्हणते, तेव्हा ऐकत नाहीस...”

“अगं, मग टेक ना! खरेखुरे टेक! जमिनीवर!”

चौघं जण धपाधप ओणवी झाली. आणि हनुवटी जमिनीला लागल्यावर दिसली ती फट! त्या मोठ्या दगडाच्या तळाशी, गवताआड, वीतभर उंचीची. उभ्या माणसाला सात जन्मांत दिसली नसती.

बाबांचं पोट मावेना. टिंगू मावला तर बाहेर यायला संध्याकाळ झाली असती. बाईसाहेबांनी केस बांधले आणि सरपटत आत गेल्या. डोकं गेलं, कंबर गेली, फक्त बूट राहिले.

“काही दिसतंय?”

“कोळी दिसतोय! माझ्याकडे बघतोय!”

“मग बाहेर ये!”

“नाही! त्याच्या मागे डबा आहे!”

थोडी झटापट. एक किंकाळी. मग, “ओढा!” तिघांनी ओढलं. आधी एक बूट हातात आला, मग दुसरा, मग चिखलाने माखलेली लेक, आणि तिच्या मुठीत डबा!

“वेळ बघ, वेळ!” बाबा ओरडले.

घड्याळ एकट्या लेकीच्याच मनगटावर होतं. तिने अंगठ्याने काचेवरचा चिखल पुसला, पाहिलं आणि म्हणाली, “चारला पाच कमी!”

काय आरडाओरडा झाला! बाबा लेकीचे बूट हातात घेऊन नाचले, टिंगूने आईला उचलून गरागरा फिरवलं. लेकीने वहीत तारीख-वेळ लिहिली, चौघांनी सह्या ठोकल्या आणि ती डबा परत ठेवायला स्वतःच पुन्हा आत सरपटली. “पुढच्या रविवारी ओढा नको हं,” आतनं आवाज आला.

आता एक कबूल करते. टोपी, मेंढा, डास, सगळं खरं. फक्त घड्याळातली ती वेळ तेवढी खोटी आहे. तेव्हा चारला पाच कमी नव्हते, साडेचार वाजून गेले होते. बारा वर्षं बस चालवणाऱ्या बाईला वेळ कळायला घड्याळ लागतं होय? आईने उन्हाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. लेकीने डोळे वटारले. मग आई मुकाट्याने खाली बसली आणि आधीच बांधलेली बुटाची नाडी पुन्हा बांधायला लागली.

पण ती थाप माझी नाही हं. बाईसाहेबांची आहे. वहीत लिहून ठेवलीय, सुवाच्य अक्षरात.