दोन पिवळे स्वेटर

"माझा स्वेटर चोरीला गेलेला नाही," विनोदिनी म्हणाली. "तिथेच मेजावर आहे. फक्त त्याच्यावर दुसरीचं नाव आहे."

पेडण्याच्या बाजारात, वह्या-पेनांच्या दुकानावरच्या खोलीत तनया परब खाजगी तपासाची कामे घेई. तिचा सोबती बाबली, तीस वर्षे म्हापशाची बस चालवून निवृत्त झालेला, चहा गाळता गाळता थांबला. चोरी नाही आणि तक्रार आहे, हे त्याच्या डोक्यात नीट शिरेना.

विनोदिनीने मग सगळे क्रमाने सांगितले. गावातली एक संस्था मुलींसाठी विणकामाचा वर्ग काढणार होती. शिक्षिका निवडायला तिघींना एकच छापील कागद दिला होता: थंड मुलखातल्या बाळाचा लोकरीचा स्वेटर. लोकर, पन्नास ग्रॅमचे तीन गोळे. तो पेडण्याच्या बाळाला सोसेल असा करून आणायचा होता. विनोदिनीने आणि सुविधाने सुती धागा घेतला, तोही एकाच दुकानातला, एकाच रंगाचा. सकाळी तिने मेजावर पाहिले तर तिचा स्वेटर सुविधाच्या नावावर, आणि सुविधाचा तिच्या.

"चार वाजता नाव जाहीर होणार. तीस वर्षं ओसरीवर बसून गावाला विणून दिलं गे बाय. शिकवायला मात्र आजवर कोणी बोलावलं नाही. हा वर्ग मला हवा."

तनया आणि बाबली संस्थेत गेले. मेजावर तीन स्वेटर होते. एक झुळझुळीत, चमकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा. तो बाळाला घाम आणणार म्हणून आधीच बाद झालेला. दुसरा पिवळा, अंगाला भरलेला, मनगटापर्यंत बाह्यांचा. त्यावर सुविधाची चिठ्ठी. तिसराही पिवळा, वीण सफाईची, पण बाह्या कोपराशीच संपलेल्या आणि गळ्याची पट्टी दोन बोटांऐवजी अर्ध्या बोटाची. त्यावर विनोदिनीचे नाव.

खोलीची किल्ली पूनमकडे होती. ही कोल्हापूरकडची, नवरा कारखान्यात. चमकता स्वेटर तिचाच. काल दुपारी झाडून झाल्यावर किल्ली दाराबाहेरच्या खिळ्याला लावून ती तासभर घरी गेली होती, हे तिने आपणहून कबूल केले. बाबलीला तिचाच संशय आला.

"काका, माझा तर बादच झाला," पूनम म्हणाली. "मग बाकीच्या दोघींच्या चिठ्ठ्या बदलून मला काय मिळणार?"

सुविधाने घरी त्यांना बसायला कदेल पुढे केले, पाणी दिले. विनोदिनीला हार पचत नाही, असे तिचे म्हणणे.

"कागदावर तीन गोळे लिहिलेत, मी तीनच आणले. तिने पाच घेतले. वाचता येत नसेल."

"नंतर आणखी कुठून आणला धागा?" तनयाने विचारले.

"कशाला? तिनांत झाला."

बाबलीला हे पटले. कागद पाळणारी बाई चुकेल कशी? तनया उठून बाजाराकडे निघाली.

बाजारात दोघींना धागा विकणाऱ्या कृष्णनाथाने आपल्या दुकानातली विक्री सांगितली: पिवळे सुती गोळे आठच होते, विनोदिनीने पाच नेले, सुविधाने तीन. आठवड्याने सुविधा पुन्हा विचारायला आली, तेव्हा माल नव्हता.

तनयाने बाबलीच्या एका हातात लोकरीचा गोळा दिला, दुसऱ्यात तेवढ्याच जाडीच्या सुताचा. दोन्ही पन्नास ग्रॅमचे. लोकरीचा नारिंगाएवढा, सुताचा लिंबाहून जरा मोठा. लोकरीच्या वेष्टनावर एकशेवीस मीटर छापले होते, सुताच्या पंच्याऐंशी.

"वजन तेवढंच, पण सूत कमी," बाबली पुटपुटला.

"काका, अर्धं काम तुम्हीच केलंत," तनया म्हणाली आणि तिने कृष्णनाथाचा काटा मागून घेतला.

चार वाजता संस्थेचे चिटणीस पांडुरंग, तिघी विणकरणी आणि बाबली मेजाभोवती बसले. तनयाने सुविधाच्या नावाचा स्वेटर काट्यावर ठेवला. दोनशे आठ ग्रॅम. दुसरा भरला एकशे सेहेचाळीस.

"तीन गोळे म्हणजे दीडशे ग्रॅम. त्यातून दोनशे आठ ग्रॅमचा स्वेटर कसा होईल?"

"बटणं आहेत," सुविधा म्हणाली.

"चार बटणं. दहा ग्रॅमसुद्धा नाहीत." तनया मुलांना गणित समजवावे तशी सावकाश बोलू लागली. सूत लोकरीपेक्षा जड. धागा बदलला की वजन बघायचे नाही, लांबी बघायची. कागदाला तीनशे साठ मीटर हवेत. सुताच्या तीन गोळ्यांत होतात दोनशे पंचावन्न. विनोदिनीने लांबी जुळवली, म्हणून पाच घेतले. तीन गोळे आणणारीचा धागा बाह्यांपाशीच संपणार होता, आणि संपला. म्हणून ती पुन्हा दुकानात गेली. आखूड बाह्यांचा स्वेटर तिचाच.

"चिठ्ठ्या बदलताना तू दोन्ही स्वेटर हातात घेतलेस, सुविधा. एक जड आहे हे जाणवलं नाही?"

सुविधा खाली बघत म्हणाली, "उसवून पुन्हा विणायला दिवस उरले नव्हते."

पांडुरंगांनी निकालाच्या कागदावरचे सुविधाचे नाव खोडून विनोदिनीचे लिहिले. सुविधा तिच्याकडे वळली, माफी मागू लागली.

"इथे नको," विनोदिनी म्हणाली. "सोमवारी दहा वाजता ये. काय केलंस ते माझ्या वर्गातल्या मुलींसमोर सांग. आणि मग बस खाली, त्यांच्याबरोबर शिकायला."