मागच्या कॅमेऱ्याचं बटण

हसा, हसा. वीज गेली की तुम्हा भाचरांना मामाच्या गॅरेजमध्ये बसून भुतं आठवतात. मला स्वतःला अनुभव नाही, आधीच सांगतो. पण फ्यूजला आहे. फ्यूज म्हणजे माझ्याकडे वायरिंगची कामं करायचा तो. पटकन तापायचा, पटकन उडायचा, म्हणून फ्यूज. थापा मारणं त्याला जमायचंच नाही. गिऱ्हाइकाशीसुद्धा खरं बोलायचा आणि माझा धंदा बुडवायचा.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. गुरुवार होता, मी लवकर घरी गेलो होतो. रात्री साडेनऊला फ्यूज शटर ओढणार, तेवढ्यात बेकरीवाला त्याची निळी व्हॅन घेऊन दारात हजर.

"मागच्या कॅमेऱ्याला एक बटण बसवून दे," म्हणाला.

आता कंपनीतून बसून आलेला कॅमेरा गाडी रिव्हर्समध्ये टाकली तरच चालू होतो. समोरच्या स्क्रीनवर मागचं दिसतं, आणि गाडी पुढे निघाली की बंद. बेकरीवाल्याला तो पुढे जातानाही चालू हवा होता.

"मागे ट्रॉली जोडणार आहेस का?" फ्यूजने विचारलं.

"नाही. मागे कोण आहे ते बघायचंय."

गिऱ्हाइकाचं डोकं तपासणं काही आपलं काम नाही. फ्यूजने डॅशबोर्डचं कव्हर उचकटलं, रिव्हर्सच्या वायरला दुसरीकडून करंट दिला, स्टिअरिंगखाली बटण बसवलं. पण एक चूक केली. अशा जोडणीत मध्ये डायोड टाकावा लागतो, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा, नाहीतर करंट मागे दिव्यांकडेही जातो. डायोड संपले होते, याला घरी जायची घाई. बटण दाबलं, कॅमेरा लागला, आणि रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्यांनी मागची भिंतही लख्ख उजळली.

"उद्या ये, दिवे बंद करून देतो."

"नको, नको!" बेकरीवाला घाईघाईने म्हणाला. "दिवा हवाच. दिवा लागला की ती बाहेर येते."

"कोण ती?"

त्याने बाजूचं दार उघडून धरलं. म्हणाला, "चल, एक चक्कर मारू. तुलाही दिसते का बघ. मेहुण्याने तर मला वेड्यात काढलंय."

त्याची बायको तुम्हाला आठवत नसेल. दोघं मिळून भट्टी चालवायचे. जुन्या व्हॅनला कॅमेरा नव्हता. बेकरीच्या बोळात गाडी मागे घ्यायची झाली की पांढरा दिवा बघून ती पिठाच्या हातांनी तशीच बाहेर यायची. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बस!" अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं, आणि 'बस' म्हणताना हातही वर करायची. नवी व्हॅन आली तेव्हा हा म्हणाला, आता तुला ओरडायला नको. तरी ती यायचीच, सवयच पडलेली. येता-जाता कॅमेऱ्याची काचही बाहीने पुसून ठेवायची. एका चिखलाच्या दिवशी पुसायची राहून गेली. स्क्रीनवर नुसता चिखल. हा थंडीमुळे काचा लावून अंदाजानेच गाडी मागे घेत होता. व्हॅन आणि भिंत यांच्यामध्ये ती होती.

पोरांनो, त्या भिंतीकडे मी अजून बघत नाही.

तर, दोघं निघाले. वस्ती संपली. खाणीकडचा रस्ता लागला. अकरा वाजून गेले होते. बेकरीवाल्याने बटण दाबलं.

स्क्रीनवर रस्ता. त्यावर दिव्याचा पांढरा पट्टा. रिकामा.

मग रिकामा नव्हता.

एक बाई. हात पिठाने माखलेले. व्हॅनचा काटा चाळीसवर... आणि ती चालत होती. आरामात. अंतर तेवढंच. हाताने बोलवत होती. येऊ दे... येऊ दे...

फ्यूजने बाजूच्या आरशात पाहिलं. रस्ता मोकळा.

पुन्हा स्क्रीन.

ती होती.

"दिसली?"

फ्यूजने मान हलवली.

"हात वर केला का तिने?"

"...नाही."

"नाहीच करत." बेकरीवाला रडत होता. "रिव्हर्स टाकला की दिसते, येऊ दे म्हणते. गिअर काढला की गेली. त्या दिवशी 'बस' म्हणून ओरडली असणार रे ती. मला ऐकूच आलं नाही. एकदा म्हणू दे. एकदा तिचं ऐकून थांबायचंय मला."

"गाडी थांबव."

थांबवली.

स्क्रीनवरची ती थांबली नाही.

जवळ आली... आणखी जवळ...

फ्यूजने दार उघडलं आणि आडवा शेतात शिरला. धावला. मागे वळून पाहिलं नाही. कानावर फक्त आवाज आला. गिअर पडल्याचा. मग व्हॅन उलटी जात असल्याचा... लांब... आणखी लांब...

मग काहीच नाही.

उजाडताच फ्यूजने माझ्या दारात येऊन सगळं सांगितलं. मी क्रेन घेऊन गेलो तेव्हा पोलीस आलेले होते. व्हॅन खाणीच्या काठावर, पाठ खाणीकडे. मागच्या चाकांमागे वीतभर जमीन उरली होती, त्यामागे सरळ खाणीचं तोंड. बेकरीवाला सीटवरच बसलेला. गेलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एवढ्या कडाक्याच्या थंडीत दोन्ही काचा पूर्ण खाली केलेल्या. आणि पाय ब्रेकवर इतका घट्ट, की मला आणि एका पोलिसाला मिळून सोडवावा लागला.

म्हणजे थांबला होता तो. कुणीतरी सांगितल्यासारखा, अगदी वेळेवर. मला तिथेच रडू कोसळलं, तुमच्यापासून कशाला लपवू.

व्हॅन न्यायला कुणी आलं नाही. मेहुणा म्हणाला, भंगारात काढा. माझ्याने ते होईना. ती काय, शेडमध्ये, तुमच्या पाठीमागेच उभी आहे. बॅटरी मी त्याच दिवशी काढली. धुतलेली नाही. खाणीचा चिखल तसाच वाळलाय आणि त्यावर वर्षाची धूळ बसलीय. फक्त नंबरप्लेटच्या वर कॅमेऱ्याची काच आहे ना... तेवढी लख्ख आहे.

मी पुसत नाही. फ्यूज तर तेव्हापासून या शेडकडे फिरकलेलाही नाही.

हा टॉर्च घ्या, जवळून बघा. हात लावू नका.

काचेच्या कडेला पीठ लागलेलं असतं.