कमरेला बांधलेला तोल
जिन्याच्या तळाशी म्हातारबुवा गतप्राण पडले होते आणि त्यांचा मुलगा बापाचा फोन फौजदारांच्या नाकासमोर नाचवत होता.

“हे बघा साहेब. आज सकाळचा तोल, उत्तम. कालचाही उत्तम. असा माणूस आपोआप पडेल? कुणीतरी ढकललंय त्यांना.”

फौजदारांना असलं काही कळत नसे, आणि तसं सांगायची लाजही वाटत नसे. “नीट समजावून सांगा,” ते म्हणाले.

मुलाने सांगितलं: फोन पट्ट्यात घालून कमरेला बांधायचा, डोळे मिटून उभं राहायचं. शरीर किती डुलतं ते फोनला कळतं. निकाल थेट डॉक्टरांकडे.

“आणि निकाल बिघडला तर?”

“तर बाबांना शुश्रूषागृहात ठेवायचं ठरलं होतं. आईला एकटीला कसं झेपणार?”

आई कोपऱ्यात बसली होती. काटकुळी, डोळे रडून सुजलेले.

“घरात आणखी कोण होतं, काकू?”

“कोण असणार? आम्ही दोघंच.”

फौजदार झोपायच्या खोलीत गेले. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीवर हातांचे मळकट डाग होते. पट्टा खुंटीला होता. मूळ भोकं कोरी करकरीत. पार आतल्या बाजूला घरी पाडलेलं एक भोक मात्र वापरून ताणलेलं. त्यांना म्हातारबुवांची भलीमोठी ढेरी आठवली. असली कामं देवाने दुसऱ्या कुणाला तरी द्यावीत.

ते पट्टा घेऊन बाहेर आले.

“ढकललं कुणीच नाही. भिंत धरल्याशिवाय त्यांना चालता येत नव्हतं. आणि या भोकात पट्टा त्यांच्या पोटाला पुरलाच नसता. तो दुसऱ्याच्या कमरेला असायचा. काकू, त्यांच्या जागी तुम्ही उभ्या राहत होता.”

मुलाने आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

“त्यांनीच हात धरला माझा. म्हणाले, मला तिथे मरायला पाठवू नकोस, तू उभी राहा. नाही कसं म्हणू?” तिने पदराने डोळे पुसले. “आजही तशीच उभी होते. डोळे मिटलेले. ते जिन्याकडे कधी गेले, कळलंच नाही मला.”

फौजदारांनी टोपी काढली.

“मला सांगायचं होतंस, आई.”

“सांगितलं असतं तर नेलं असतंस त्यांना.”

मुलाने हातातला फोन खाली ठेवला.

“हो,” तो म्हणाला. “नेलं असतं.”