पुठ्ठ्यावरचे थेंब

रविवारी चर्चहून आल्यावर मार्लिसने कोटही न काढता गॅरेज उघडलं. ड्वेनच्या अवजड मोटरसायकलखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर आजही ऑइलचा ताजा थेंब होता. ब्लॅक हिल्सच्या घाटांत नवऱ्याच्या मागे बसून तिने तीस उन्हाळे काढले होते. गेल्या वर्षी मात्र ती अडून बसली. "गिअरबॉक्स गळतोय, ऑइल मागच्या चाकावर उडतं. आधी ते दुरुस्त कर, तोवर मी मागे बसायची नाही!" ड्वेन हसला, एकटाच गेला. घाटमाथ्यावर गाडी नीट स्टँडला लावून तो छाती धरून खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. गाडी तिला विकायची नव्हती. पण तिचं ते शेवटचं बोलणं जिवाला लागून राहिलं होतं. निदान ती गळती तरी थांबवावी, एवढंच तिच्या मनात होतं.

मदतीला शेजारचा वेंडेल आला, ड्वेनचा भटकंतीतला जुना जोडीदार.

"सांगून सांगून माझं तोंड दुखलं," जमिनीवर आडवा होत तो म्हणाला. "गिअरबॉक्सच्या सीलचं एवढंसं रबर बदलायचं, तर साहेबांना सवड मिळेना!"

"तुला तरी कुठे मिळाली? वर्षभर 'उद्या येतो' चाललंय."

"बरं बाई, पाना दे. आणि घाई करू नकोस, असल्या थंडीत ऑइल काकवीसारखं उतरतं. खरं तर गाडी फिरवून, गरम करूनच काढायचं असतं."

त्याने तळाचा बोल्ट फिरवला आणि ओरडून हात मागे घेतला. ऑइल भसाभसा घमेल्यात पडलं. त्यातून वाफ निघत होती. गिअर ऑइलचा नेहमीचा, सडक्या अंड्यांसारखा वास गॅरेजभर पसरला.

"मार्लिस... गाडी सुरू केली होतीस?"

"बॅटरी त्या फळीवर आहे. तूच काढून ठेवलीस ना, दफनाच्या दिवशी?"

वेंडेल फळीकडे बघत राहिला. "आणि वर्षभर गळून... हे भरलेलं कसं?"

 मार्लिसने वाकून घमेल्यावर हात धरला. घाट चढून आल्यावर इंजिनाजवळून अशीच ऊब पायांना लागायची. तिला भीती वाटायला हवी होती, पण रडूच आलं. एकटाच फिरतोस का रे अजून, असं ती मनात म्हणाली.

वेंडेलने नवं रबर बसवलं, ऑइल भरलं आणि कॉफीला न थांबता तो निघून गेला. असं कधी झालं नव्हतं. मार्लिसने नवा पुठ्ठा अंथरला, गाडी पुसली, मागचे, तिच्या पायांचे फूटरेस्ट दुमडले आणि कुलूप लावलं.

सकाळी ती अंगावर कोट टाकून आली, तर पुठ्ठा कोरडा ठणठणीत होता. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण भडभडून आलं. रोजची तेवढी खूणही तिने आपल्याच हाताने पुसली होती. डोळे टिपून ती परत जायला वळली आणि थबकली.

मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडून खाली पाडलेले होते.

 मार्लिसचे हात, त्याच्या मागे बसण्याआधी लावायचे तशी, सावकाश कोटाची बटणं लावू लागले.