पाणी बघत बसणारे

ज्यांनी कधीकाळी सीडीवरून गेम टाकलेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडं सांगावं लागेल.

आमच्या नायगावच्या घरी पहिला संगणक आला तेव्हा मी शाळेत होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. संगणक त्यांनी माझ्या अभ्यासासाठी घेतला, पण नांदेडच्या दुकानदाराने सोबत गेमच्या काही सीड्याही दिल्या. तेव्हा एक गेम संगणकावर चढायला बराच वेळ लागायचा. मात्र तो वेळ रिकामा नसायचा. एका गेममध्ये बंदरावर जहाज उभं असे आणि हमाल एकेक पेटी वर चढवत. शेवटची पेटी चढली की शीड उघडायचं. दुसऱ्यात एक म्हातारा जादूगार पोथी चाळत बसायचा आणि मधूनच चष्म्यावरून आपल्याकडे बघायचा. बाबा बशीत चहा घेऊन माझ्या शेजारी बसत. गेम त्यांना खेळायचा नसे. जहाज भरलं की म्हणत, "झालं बघ महामाया, आता खेळ तू," आणि उठून जात.

ते गेम मला आज धड आठवत नाहीत. ते भरत जाणारं जहाज आठवतं.

हे मी सत्यमला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना सांगितलं होतं. तो अर्धापूरचा, केळीवाल्या घरातला. त्यालाही ते जहाज माहीत होतं. पुढे आम्ही दोघांनी पुण्यात नोकऱ्या केल्या, दोघांनी सोडल्या, आणि नांदेडला तरोडा नाक्यावर एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत स्वतःचा गेम बनवायला बसलो. कोड माझा, चित्रं त्याची. गेमचं नाव ठेवलं 'पाटकरी'. कालव्याचं पाणी एका दुष्काळी गावातून वाट काढत न्यायचं, असा तो खेळ.

गेम पेन ड्राइव्हवर, डबीत घालून द्यायचा आणि तो चढताना जुन्यासारखं बघायला काहीतरी असायचंच, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

सत्यमने केळीची बाग काढली. मागे उन्हं कलती. पाट, वाफे, आणि पाठमोरा एक माणूस, हातात खोरं. फायली उतरतील तसतसा एकेक वाफा भरायचा. भरला की माणूस वाकून मातीचं दारं मोडायचा आणि पाणी पुढच्या वाफ्यात जायचं. शेवटचा वाफा भरला की खोरं खांद्यावर टाकून तो चित्राबाहेर निघून जाणार आणि पडद्यावर येणार, "खेळ सुरू करायचा?" आवाज सत्यमने लांबच्या एका रानातून, जिथे अजून पाट होता, फोनवर धरून आणला होता. पाण्याची झुळझुळ, ओल्या मातीत खोरं रुतल्याचा आवाज, लांबवर टिटवी.

तयार झालं त्या दिवशी आम्ही दोघांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. माणूस निघून गेला तेव्हा सत्यम हळूच म्हणाला, "झालं बघ महा, आता खेळ."

दुसऱ्या दिवशी मी गेम दुसऱ्या संगणकावर चढवायला लावला आणि खाली चहाला गेले. परत आले तर पाणी दुसऱ्या रांगेतच थांबलेलं. काहीतरी चुकलं असेल म्हणून खुर्चीत बसले. पाणी सुरू झालं.

असं चार-दोनदा झालं. मी उठले की थांबायचं, बसले की चालायचं. कोड मीच लिहिलेला होता. त्यात असं काही नव्हतं. संगणकाला कॅमेरा नव्हता, माइक नव्हता. मी ओळ न् ओळ तपासली. संगणक बदलले, पेन ड्राइव्ह बदलला, वायफाय काढून टाकलं. मग समोर बसून मोबाइल उघडला आणि मान खाली घातली. पाण्याचा आवाज बंद झाला. मान वर केली. झुळझुळ सुरू.

सत्यमला सांगितलं तर तो हसला. "लई जागली वाटतं तू."

"तूच बसून बघ."

तो बसला, उठला, परत बसला. मग हसायचा थांबला.

शेवटी मी फोन स्टँडवर लावून पडद्याचं चित्रण सुरू ठेवलं आणि आम्ही दोघंही खोलीला कुलूप लावून बाहेर पडलो. नाक्यावर पोहे खाल्ले. येऊन चित्रण पाहिलं. आम्ही दार ओढल्याचा आवाज येतो. पाणी थांबतं. वाकलेला माणूस सावकाश सरळ होतो. खोरं मातीत रोवतो, त्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवतो आणि उभा राहतो. तसाच. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

"हे कधी काढलंस?" मी विचारलं.

सत्यम पडद्याच्या अगदी जवळ गेला. "मी त्याला फक्त वाकलेला काढला, महा. आणि शेवटी चालताना. असा उभा मी काढलाच न्हाई."

त्याच्या सगळ्या फायली आम्ही उघडून पाहिल्या. उभा माणूस कुठेच नव्हता.

मला भीती वाटली असं म्हणणार नाही. राग आला. आमच्याकडे वेळ थोडा होता. हैदराबादच्या एका कंपनीच्या गौरम्मा मॅडम गेम बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडला तर तो देशभर जाणार होता, नाहीतर आम्ही पुन्हा पुण्याला नोकऱ्या शोधणार होतो. कार्यक्रम आमच्याच कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत ठरला होता. मुलं स्वतःच्या हाताने गेम चढवतील आणि खेळतील, अशी मॅडमची अट होती. आणि आम्ही पाठवलेली चित्रं बघून त्यांनी फोनवर अजून एक सांगितलं होतं, "ते बागेचं चित्र काढून टाका हो. आता कोण बसतंय बघत? भरत जाणारी साधी रेघ पुरे."

"काढूया," मी सत्यमला म्हणाले.

"न्हाई."

"मुलं मान खाली घालून मोबाइल बघत बसली तर सगळ्यांचं अडकेल. सगळ्यांसमोर."

"न्हाई म्हणलं ना. मग तो माणूस कुठं जाईल?"

हे उत्तर देताना तो थट्टा करत नव्हता. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने मला अर्धापूरला नेलं. त्याचे वडील शेषेराव यांची नजर साखरेच्या आजारात गेली होती. ओसरीत बाजेवर बसले होते. सत्यमने लॅपटॉप त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला, गेम चढवायला लावला आणि मला हाताला धरून अंगणात, भिंतीआड नेलं. मी वैतागून म्हणाले, "काकांना दिसत नाही. कशाला?"

"ऐक नुसतं."

झुळझुळ चालू होती. थांबली नाही. टिटवी ओरडली. खोरं मातीत रुतलं. आम्ही भिंतीआड उभे होतो आणि पाणी एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जात असल्याचं ऐकत होतो.

आत गेलो तेव्हा शेवटची रांग भरत होती. काकांनी मान थोडी तिरकी केली होती, पाण्याच्या दिशेला.

"ये माय, बस," ते मला म्हणाले. "कुणाचं रान हाय हे? लई दिवसांनी पाटाचं पाणी ऐकून राहिलो. आता सगळं ठिबकवर गेलं."

"सत्यमने केलंय, काका."

"हाव? चांगलं दारं धरून राहिला गडी. घाई न्हाई करत." मग त्यांनी विचारलं, "सोबत कोण हाय त्याच्या?"

"कुणी नाही. एकटाच काढलाय," सत्यम म्हणाला.

काकांची मान अजून पाण्याच्या दिशेलाच होती. परत येताना गाडीवर मी सत्यमला सांगितलं, "बाग ठेवूया." का ते मला सांगता आलं नसतं. मला एवढंच कळलं होतं, की हे पाणी डोळ्यांवर चालत नव्हतं, लक्षावर चालत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी विष्णुपुरीत ऊन कडक होतं. प्रयोगशाळा गच्च भरली. काका पहिल्या रांगेजवळ खुर्चीत बसले होते. येणारच म्हणून त्यांनी हट्ट धरला होता. शेजारच्या छोट्या खोलीत एक जादा संगणक होता. तो चालतो की नाही बघायला मी सकाळीच तिथेही गेम लावला होता, तेवढ्यात मॅडमची गाडी आल्याचा निरोप आला म्हणून खोलीला कुलूप घालून पळाले. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

गौरम्मा मॅडम मूळच्या बिदरकडच्या, उंच, पांढरी कॉटनची साडी. पडद्यावर बाग आल्याबरोबर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाग मी ठेवलीच आहे हे त्यांना दिसलं.

मुलांनी सुरुवातीला पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "अरे, आमच्या रानासारखं." पहिले वाफे भरले. मग सवयीने एकेक मान खाली गेली, मोबाइल निघाले.

समोरच्याचं लक्ष सुटलं तसं एका संगणकावर पाणी थांबलं. मग त्याच्या शेजारच्या. मग ती अख्खी रांग.

झुळझुळ विरत गेली. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. प्रत्येक पडद्यावर तो माणूस सरळ झाला. खोरं रोवलं. हात दांड्यावर. सगळीकडे तोच, सगळीकडे उभा.

"काय झालं? हँग झालं का?" मॅडमनी विचारलं.

सत्यम भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक.

तेवढ्यात काका खुर्चीतून उठले. रानात या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला हाक मारतो तसे ओरडले, "ए पोराहो! पाणी थांबलं की रे! बघा तिकडं!"

सगळ्यांनी दचकून माना वर केल्या.

एका ठिकाणी माणूस वाकला. मग सगळीकडे. दारं मोडलं आणि प्रयोगशाळेत एकदम पाण्याचा आवाज भरला, कालव्याचं दार उचलल्यासारखा.

मग कुणी मान खाली घातली नाही. एक मुलगी हनुवटीखाली हात घेऊन बसली. मागची पोरं म्हणू लागली, "आता हा वाफा... आता तो..." शेवटच्या रांगेत पाणी शिरलं तेव्हा सगळा वर्ग एका सुरात ओरडत होता. माणसानं खोरं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागला तशी टाळ्या, शिट्ट्या, बाकं वाजवणं. प्रिन्सिपॉल काय झालं म्हणून बघायला आले.

गेम मुलांना आवडलाच. जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी उठेना. सत्यम काकांच्या पायाशी फरशीवर बसून रडत होता आणि हसत होता. काका त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारत होते, "काय झालं रे येड्या? पास झाला का?"

मॅडम शेवटपर्यंत एका पडद्यासमोर बसून होत्या. उठताना म्हणाल्या, "आमचे तात्या असंच पाणी देत होते. मी बांधावर बसायची." मग लगेच कामाच्या आवाजात, "करार पुढच्या आठवड्यात पाठवते. आणि ती बाग कुणी सांगितलं तरी काढायची नाही. अगदी मी सांगितलं तरी."

मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते. नायगावला बाबांना फोन लावला तर मला बोलताच येईना. तेच म्हणत राहिले, "झालं ना? झालं ना माय?"

सगळे जेवायला खाली गेले. तेव्हा मला शेजारची खोली आठवली. संगणक बंद करायला हवा होता. मी पर्समधून किल्ली काढली.

दाराला वरच्या बाजूला काच होती. किल्ली लावण्याआधी मी सहज आत पाहिलं.

शेवटची रांग भरत होती.

कुलूप माझ्या हातात होतं, तसंच बंद. खिडक्या आतून लावलेल्या. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची मात्र मी टेबलाखाली सारून गेले होते. ती आता बाहेर ओढलेली होती, पडद्यासमोर, नीट.

मी दाराबाहेरच थांबले. मध्येच जाऊन बंद करायचं माझ्याच्याने झालं नाही. शेवटचा वाफा काठोकाठ भरला. माणसाने खोरं खांद्यावर टाकलं. तो चित्राबाहेर निघून गेला.

मग मी कुलूप काढलं.

आत भट्टीसारखं तापलं होतं. सकाळपासून बंद खोली. पडद्यावर प्रश्न होता, "खेळ सुरू करायचा?" मी संगणकाला हात लावला नाही. खुर्चीलाही नाही. भिंतीपाशी जाऊन पंखा लावला, एक खिडकी उघडली, आणि बाहेर येऊन दार नुसतं लोटून घेतलं.

जिन्यापाशी पोचले तेव्हा मागून माउसची टिचकी ऐकू आली. एकच.

आणि खेळ सुरू झाला.