बाभळीचा पाला

"मॅडम, लवकर या. पिल्लं मेली. समदी."

शनिवारी सकाळी सातला लालमहंमदचा फोन आला. वनरक्षक दिपालीनं चहा तसाच ठेवला आणि गाडीला किक मारली.

विष्णुपुरी धरणाच्या बॅकवॉटरात बुटक्या बाभळींचं एक बेट आहे. दरसाल तिथं चित्रबलाक घरटी करतात. गावातले लोक त्यांना करकोचेच म्हणतात. मे महिन्यात पाणी मांडीइतकं उतरतं, कुणीही चालत जाईल. म्हणून दहा वर्षं लालमहंमद काठी घेऊन बेट राखतो.

ती पोचली तर काठावर गर्दी. मधोमध सुदर्शन सर, पक्ष्यांचे फोटो काढणारे. दिपालीला पक्ष्यांची नावं त्यांनीच शिकवली होती. हातात तक्रारअर्ज तयार, वर रंगीत फोटो चिकटवलेला.

"या लालमहंमदला आजच्या आज काढ, दिपाली. ईद तोंडावर आली, याच्या दारात बोकड बांधलेत. त्यांच्या चाऱ्यासाठी यानं बाभूळ छाटली. सावली गेली, पिल्लं करपली."

"राखणदारच खायला बसला म्हणायचं," किराणा दुकानदार शंकरप्पा हसला.

दिपालीनं विचारलं, "चाचा, बोकड किती?"

"दोन." लालमहंमदनं तिच्याकडं नुसतं बघितलं.

ती दोघं पाण्यातून बेटावर गेली. एकाच बाभळीची एक बाजू बोडकी होती. घरट्यांत आणि खाली मिळून अकरा पिल्लं. कुत्र्याचा दात नाही, कशाची जखम नाही. तोडलेल्या फांद्या झाडामागं टाकलेल्या. पाला अजून हिरवा. तोडल्या जागी डिंक बोटाला चिकटला. समोरच्या उंचवट्यावर मातीत चार बारीक भोकं, चौकोनात.

"उन्हात आई पंख पसरून उभी राहती," लालमहंमद म्हणाला. "पिल्लांवर सावली धरती. पर जवळ माणूस बसला की ती येत न्हाई. या उन्हात दोन घंटे लई झाले, मॅडम."

"काल दुपारी तुम्ही कुठं होता?"

"जुम्मा होता ना. बारा ते अडीच गावात. आल्यावर काठावरूनच फेरी मारली. आया बसल्या न्हाईत, एवढंच दिसलं. वाटलं, येतील."

काठावर येऊन दिपालीनं अर्ज हातात घेतला. फोटो झकास होता. चोची वासलेली तीन पिल्लं, मध्ये एक पान आडवं नाही. कोपऱ्यात फांदीचं पांढरं टोक. सावल्या पिल्लांच्या पायाखालीच.

"कधीचा हो सर?"

"मागच्या रविवारचा. काठावरून, मोठ्या लेन्सनं. बघ, पिसं मोजून घे!"

"बेटावर गेला होता?"

"यंदा पाऊल ठेवलं नाही."

"शंकरप्पा, काल दुपारी चाचांना बघितलं?"

"हाव. माझ्या दुकानासमोरूनच मशिदीत गेले. येताना विडी घेतली."

दिपालीनं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग सरांकडं न बघता बोलली.

"बोकडांसाठी तोडणारा माणूस पाला घरी नेतो. इथं पाला तसाच पडलाय. म्हणजे तोडणाऱ्याला पाला नको होता, तो फक्त मधे येत होता. फांद्या कालच्या आहेत, डिंक ओला आहे. या उन्हात रविवारचा पाला हिरवा राहील? आणि सर, तुमच्या रविवारच्या फोटोत हे कालचं तोडलेलं टोक कसं आलं?"

सरांनी अर्जाकडं हात पुढं केला. तिनं दिला नाही.

"सावल्या भर दुपारच्या. काल जुम्मा, चाचा बेटावर नाहीत हे सगळ्या गावाला माहीत. तुम्ही फांद्या उडवल्या, समोर लपायचा तंबू चार खुंट्यांवर ठोकला आणि आत बसलात. आया वर घिरट्या घालत राहिल्या. तुम्ही फोटो काढत राहिलात. तंबू अजून गाडीतच असेल ना? खुंट्यांना बेटावरची माती असेल. उघडू डिकी?"

कुणी हसलं नाही.

"मला मारायची नव्हती गं," सरांचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, थोडा वेळ... असा फोटो आयुष्यात एकदा मिळतो."

"आणि मेली तेव्हा दुसऱ्याचं नाव लिहिलंत. त्यावरही हाच फोटो लावलात. दुसरा नव्हता?"

"होते," सर म्हणाले. "पण हा सगळ्यात चांगला होता."

पंचनामा झाला. सरांची गाडी ताब्यात घेतली. शंकरप्पा लालमहंमदच्या खांद्यावर हात ठेवायला गेला, तो बाजूला सरकला. त्यानं काठी दिपालीच्या गाडीला टेकवून ठेवली.

"चाचा, हे काय? तुम्ही सुटलात ना!"

"सुटलो. पर दहा वर्षं झाली, मॅडम. आन तुमीबी पहिल्यांदा बोकडच विचारले."

दिपालीनं काठी उचलून त्याच्यापुढं धरली. तो पाठ फिरवून चालायला लागला.

ऊन डोक्यावर आलं होतं. बेटावर एक मादी परत आली होती. बोडक्या फांदीवर, मेलेल्या पिल्लांवर पंख पसरून ती सावली धरून उभी होती.