लग्न ठरलंय का?

"तुमी पण आज बेकार का?"

पावसात दुकानाच्या पत्र्याखाली शेजारी उभ्या असलेल्या मुलानं असं विचारलं, आणि मी रागानं वळून पाहिलं. तो आमच्याच माती तपासणीच्या लॅबमधला निघाला. ऋषी, शेतांवरून नमुने गोळा करणारा. मी, रुपाली, ते तपासणारी. त्याच्या पिशव्या वर्षभर उघडत होते, तोंड मात्र आज पाहिलं. आमचं कंत्राट अकरा महिन्यांचं, मग एक दिवसाचा ब्रेक, मग नवी ऑर्डर. त्या एका दिवशी आम्ही खरंच बेकार.

"बेकार तुमी असाल. मी सुट्टीवर हाय."

"मग सुट्टीवरच्या मॅडम, कपभर च्या घेणार का?"

नाही म्हणायला हवं होतं. पण जुन्नरच्या भाड्याच्या खोलीत चार वर्षं एकटीनं जेवल्यावर, कुणी नुसतं चहाचं विचारलं तरी नाही म्हणवत नाही. गाव तिकडे आहुप्याला, जाणं महिन्यातून एकदा. मी त्याच्यामागं गेले.

नमुन्याच्या प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते. त्या चहानंतर एकदा एका चिठ्ठीवर होतं— शेतकऱ्याचं नाव: ऋषी. मागचं पीक: काही नाही. पुढचं पीक: रुपालीला विचारून सांगतो.

रिकाम्या लॅबमध्ये मी एकटीच हसत बसले.

दिवाळीनंतर त्यानं सरळच लग्नाचं विचारलं. मी मान डोलावली आणि बजावलं, "नवी ऑर्डर हातात पडेस्तोवर कुणाला बोलू नको." कारण सांगितलं नाही, लाज वाटली. दर वर्षी नव्या ऑर्डरआधीच्या मुलाखतीत मला पहिला प्रश्न मातीचा नसतो. लग्न ठरलंय का, एवढंच विचारतात. मी नाही म्हणते आणि ऑर्डर घेते.

यंदा त्याची मुलाखत आधी झाली. तो पेढे घेऊन धावतच आला.

"रुपा, सुपरवायझर केलं मला! साहेब म्हणले, संसारी माणूस जागेवर टिकतो."

"तू... काय सांगितलंस त्यांना?"

"आपलं ठरलंय म्हणून! विचारलं त्यांनी, मग लपवू कशाला?"

माझ्या वेळी साहेबांनी फाइल उघडलीच नाही. "अभिनंदन! आता लग्न, मग बाळंतपण... आम्ही दुसरी मुलगी बघतो." लग्न एकच. त्याला बढती, मला नारळ.

संध्याकाळी तो खोलीच्या दारात आला. आत येईना.

"मी सांगून येतो, मोडलं म्हणून."

"आन् मग? जन्मभर चोरून राहायचं?"

"मग मी बी सोडतो नोकरी."

"तुझी सुटून माझी परत येणार हाय व्हय?"

तो उंबऱ्याची कड नखानं खरवडू लागला. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या नखांत अजून शेतातली माती होती, आणि तो हात हातात घ्यावासा वाटत होता.

"ऋषी, तू मला लई आवडतोस," मी पहिल्यांदाच म्हटलं. "पण लग्न आता न्हाई. दुपारीच फोन केला, उद्या मंचरला एका लॅबमध्ये मुलाखत हाय. काम मिळालं की मगच."

"तिथं बी विचारतील..."

"विचारू दे. ठरलंय म्हणीन. तुझं नाव सांगीन."

"आन् न्हाई घेतलं तर?"

"तर दुसरीकडं बघीन. तिथं बी हेच सांगीन."

तो जिना उतरला. मोटरसायकल सुरू व्हायला बराच वेळ लागला. मी खिडकीशी गेले नाही. गेले असते, तर हाक मारली असती.